दहा टक्क्यांचा तुकडा

मी लेआउट आखणारा माणूस आहे. शेताचा गट एनए, म्हणजे बिगरशेती, झाला की त्यावर रस्ते टाकायचे, प्लॉट पाडायचे आणि नकाशा मंजुरीला पाठवायचा, हा माझा धंदा. जळगाव आणि धुळ्याच्या कडेला कापूस आणि ज्वारीच्या जमिनींवर ज्या कॉलन्या उभ्या राहिल्या, त्यातल्या काही माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. नियमाप्रमाणे मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. कॉलनीत लहानथोर सगळे तिला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. पत्ता सांगतानाही म्हणतात, ओपन स्पेसच्या समोर, निळं गेट.

ही जागा नेमकी कुठं सोडायची, यात आमचं कसब. जिथं प्लॉट पडत नाही तिथं ती सोडायची, हे मला माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच कामात शिकवलं. नाल्याच्या कडेची पट्टी, दोन शेतांचे बांध तिरके मिळाले म्हणून उरलेला त्रिकोण, हायटेन्शन तारेच्या अंगाची जागा. मालकाला विकायचे तुकडे चौकोनी हवेत, पूर्वाभिमुख हवेत. वाकडं ते लोकांना. मंजुरी देणारा बेरीज तपासतो: दहा टक्के भरतात का? भरतात. नकाशावर हिरवा रंग आणि सही.

मला यात काही खुपत नव्हतं, हे कबूल करतो. मोकळी जागा ही क्षेत्रफळाची बाब आहे, तिचं पुढं काय होतं ते नगरपालिकेनं आणि नगरसेवकानं बघावं, असं माझं मत होतं. पुढं सुशोभीकरणाचे दिवस आले. निधी यायला लागले, आणि त्याच वाकड्या तुकड्यांचे आराखडे करायला लोक पुन्हा माझ्याकडेच यायला लागले. तेव्हा मत जरा बदललं असं मला वाटलं होतं. आता मी म्हणायचो, जागेला अर्थ द्यायला हवा, थीम हवी. कंपाउंड वॉल, मधोमध लॉन, भोवती पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, कोपऱ्यात ओपन जिम, प्रवेशाशी कारंजं आणि रात्री उजळणारी ‘आय लव्ह’ अक्षरं. खरं तर मत तेच होतं. जागा घडते ती नकाशावर आणि पैशानं, घडवणारा मी. फक्त आधी मी आळशी होतो आणि आता उत्साही झालो होतो, एवढाच फरक.

हे मत एका दिवसात गेलं नाही. ते मे महिन्यांनी घालवलं.

खान्देशात मे महिना काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कधी त्याच्याही वर. सकाळी दहानंतर रस्ता ओस पडतो. संध्याकाळी सहाला ऊन उतरतं, पण जमीन उतरत नाही. सिमेंटचे बाक, पेव्हर, कंपाउंडच्या भिंती दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता ओकत राहतात. माणसं घराबाहेर पडतात ती जेवणं आटोपून, साडेनऊ-दहाला. चटया निघतात, प्लास्टिकच्या खुर्च्या निघतात, अजून काही घरांतून बाजही निघते. म्हातारी माणसं भिंतीला पाठ न लावता बसतात, कारण भिंत तापलेली असते. बारापर्यंत गप्पा चालतात. कुल्फीची गाडी दोनदा फेरी मारते. आमचा खरा सार्वजनिक वेळ हा आहे, रात्री दहा ते बारा.

आणि बागांची वेळ काय असते? सकाळी पाच ते नऊ, संध्याकाळी चार ते आठ-नऊ, अशीच काहीतरी. माझ्या आराखड्यांतही मी फाटक काढत होतो, फाटकाला कुलपाची कडी काढत होतो आणि शेजारी वेळेची पाटी. ज्या वेळी आमची माणसं बाहेर येतात, नेमकं त्या वेळी आम्ही कुलूप लावतो. मग कॉलनी बसते कुठं? बागेच्या कंपाउंडच्या बाहेर, रस्त्यावर, खुर्च्या टाकून. आत लॉनवर दिवे जळत असतात आणि बाहेर माणसं. मी आखलेल्या एका जागेबाहेर असं दृश्य पाहिलं तेव्हा मला आधी लोकांचाच राग आला होता. एवढं करून दिलं आणि हे बसतात गटारीच्या ढाप्यावर!

राग ओसरल्यावर मी त्या ढाप्याकडे नीट पाहिलं. ढाप्याशेजारी एक कडुनिंब होता, कंपाउंडच्या बाहेर राहून गेलेला. समोर किराणा दुकान रात्री साडेदहापर्यंत उघडं, म्हणजे उजेड आणि ओळखीचा माणूस. शेजारी दोन घरांची दारं थेट रस्त्यावर, म्हणजे पाणी मागायला, पोराला झोपवायला आत जाता येतं. बसलेल्या बायकांना येणारा-जाणारा दिसत होता आणि त्याही येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होत्या. माझ्या बागेत यांतलं एकही नव्हतं. बाग कॉलनीकडे पाठ करून बसली होती, कारण ती नाल्याकाठी होती, आणि नाल्याकाठी ती मीच ठेवली होती.

आमच्या धंद्यातल्या लोकांना विल्यम व्हाइट हे नाव माहीत असतं. या माणसानं १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या छोट्या चौकांमध्ये कॅमेरे लावून लोक कसे बसतात, कुठं थांबतात, हे तासन् तास टिपलं आणि १९८० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याचा मोठा निष्कर्ष इतका साधा आहे की वाचताना चेष्टा वाटते: जिथं बसायला जागा असते तिथं लोक बसतात, आणि लोकांना सगळ्यात जास्त ओढ असते ती इतर लोकांची. त्याच शहरात पेली पार्क नावाची १९६७ साली झालेली एक जागा आहे. सुमारे ४२ फूट बाय १०० फूट, म्हणजे आपल्याकडचे दोन प्लॉट. झाडं, एक पाण्याची भिंत आणि हलवता येणाऱ्या सुट्या खुर्च्या. सुट्या खुर्च्यांवर मी पूर्वी हसायचो. जळगावात अशा खुर्च्या ठेवल्या तर पहिल्या रात्रीच पसार होतील, म्हणायचो. पण ढाप्यावर ज्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या त्या तरी दुसरं काय होत्या? न्यूयॉर्कनं विकत घेऊन ठेवल्या, आमच्या बायका घरून आणतात आणि घरी नेतात. चोरीचा प्रश्नच मिटला. मला फक्त त्या खुर्च्या टेकवायला सपाट, मातीची, सावलीची जागा सोडायची होती. मी तिथं उंचसखल लॉन आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लावली होती. नळाला रोज पाणी नसलेल्या शहरात ते लॉन किती उन्हाळे टिकलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

झाडांचंही तसंच. माझ्या यादीत उलटा अशोक असायचा, बॉटल पाम असायचा. सरळ वाढतात, पाला कमी पडतो, नकाशात गोल छान दिसतात. एका कॉलनीच्या बैठकीत एक आजी मागं बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “साहेब, झाड लावा, पन झोका बांधता येईन असं लावा.” बैठक हसली. मीही हसलो.

आजींना झोका हवा होता तो आखाजीसाठी. आखाजी म्हणजे काय हे खान्देशाबाहेर फार कमी जणांना ठाऊक आहे. अक्षय तृतीया म्हटलं की इतरांना सोन्याची दुकानं आठवतात. आमच्याकडे लेकी माहेरी येतात, घागर भरली जाते, तिच्यावर डांगर ठेवतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस होतो. पुरुष दिवसभर पत्ते कुटतात, त्यांना त्या दिवशी कुणी काही म्हणत नाही. आणि निंबाच्या आडव्या फांदीला दोर टाकून झोके बांधतात, बायका गौराईची गाणी म्हणत उंच उंच जातात. झोक्याला आडवी, जाडजूड, बारा-पंधरा फुटांवरची फांदी लागते. उलट्या अशोकाला ती जन्मात यायची नाही. म्हणजे मी जी झाडं लावत होतो ती आखाजीला निरुपयोगी, सावलीला निरुपयोगी, वाळवणाच्या वेळी पोरांनी राखण करत बसायलाही निरुपयोगी. एका आजीनं एका वाक्यात माझी झाडांची यादी खोडली, आणि तसं तिच्या लक्षातही आलं नसेल.

तेव्हापासून मी जागेकडे वर्षाच्या हिशेबानं पाहायला लागलो. चैत्र-वैशाखात तिथं बिबडे आणि कुरडया वाळणार. आखाजीला झोका. श्रावणात कानबाई या देवीच्या सणाला रोटांचा वास आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जनाला निघणाऱ्या बायकांची फेर धरायची जागा. भाद्रपदात गणपतीचा मांडव. हिवाळ्यात काट्याकुट्यांच्या जाळावर भरताची वांगी. यातल्या कशालाही कारंजं लागत नाही. लागतं ते असं: आडव्या फांद्यांचं मोठं झाड, जाळ केला तरी न बिघडणारी जमीन, पाण्याचा एक नळ, आणि कुणाला न विचारता आत यायची मुभा.

माझं लहानपण धुळ्यात गल्लीत गेलं. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, सरळ रेषेत, एकमेकींना समांतर. शहराची ही आखणी विश्वेश्वरय्यांनी केली असं आम्हाला शाळेत अभिमानानं सांगायचे, आजही सांगतात. विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला खान्देशात होते आणि पांझरा नदीवर त्यांनी काम केलं हे खरं. पण नवं धुळं वसवायला घेतलं ते कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं, इंग्रजांनी खान्देश जिंकल्यानंतर, १८१९ मध्ये. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा. असो, मोठ्या माणसाच्या नावावर गोष्टी जमा होतातच. सांगायचं हे की, मला या सरळ आखणीचं फार कौतुक होतं. माझ्या व्यवसायाची सुरुवात त्या कौतुकातून झाली. शहर आखता येतं, पट्टीनं आखता येतं, असं मला वाटायचं. आता त्या गल्ल्या आठवतात तेव्हा रेषा आठवत नाहीत, ओटे आठवतात. ब्रिग्जच्या नकाशात ओटे नसणार. ते घरमालकांनी रस्त्यात दोन हात पुढे येऊन बांधले, म्हणजे आजच्या भाषेत अतिक्रमण. गल्लीची सगळी माणुसकी त्या अतिक्रमणावर बसलेली होती. म्हणून अतिक्रमण या शब्दाला मी आता सरसकट शिवी देत नाही. पाणपोईचा रांजण, चपला शिवणाऱ्याची छत्री, चहाची टपरी यांना आराखड्यातून उडवायला मी पूर्वी पहिला असायचो. आता टपरी कुठं राहील ते आधी विचारतो, कारण टपरी म्हणजे जागेवर रोज हजर असणारा माणूस. तो पोरांना हटकतो, पडलेल्याला उचलतो, पत्ता सांगतो. त्याला कुणी पगार देत नाही.

जुन्या वस्तीबद्दलही मी असाच आडवा बोलायचो. जुन्या जळगावातले रस्ते रुंद करा, कोपरे कापा. अग्निशमनाचा बंब वळत नाही हे कारण खरंच आहे, ते मी आजही मागं घेत नाही. पण १८७२ पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ याच रस्त्यांवरून जातो. रथाला ब्रेक नसतो. चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून तो थांबवतात आणि मोगरीनंच वळवतात. अरुंद कोपऱ्यावर रथ वळताना सगळं गाव श्वास रोखून बघतं आणि मोगरी लावणाऱ्यांचं कसब तिथंच दिसतं. भिलपुऱ्यात लालशा बाबा या मुस्लिम संताच्या समाधीपाशी रथ थांबतो. वर्षातून एक दिवस थांबतो, पण उरलेले सगळे दिवस लोक तो कोपरा त्या थांबण्यानं ओळखतात. कोपरा कापून रुंद केला असता तर रथ झर्रकन निघून गेला असता.

धुळ्यातली गोष्ट याहून अवघड. जुन्या धुळ्यात १८९५ साली गणपतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. त्या गणपतीला तेव्हापासून खुनी गणपती म्हणतात. आज तोच गणपती विसर्जनाच्या दिवशी शाही जामा मशिदीसमोर थांबतो, आरती होते, मुस्लिम मंडळी फुलं उधळतात. मशिदीसमोरचा रस्ता म्हणजे काही चौरस मीटर डांबर. तिथं फलक नाही, शिल्प नाही, दिव्यांची रोषणाई नाही. तरी त्या डांबरावर जे घडून गेलं आणि दरवर्षी जे मुद्दाम घडवलं जातं, त्याच्या जवळपास माझा कुठलाही आराखडा गेलेला नाही. अशा जागेला ‘थीम’ सुचवायची वेळ माझ्यावर आली नाही हे बरंच झालं. मी नक्कीच काहीतरी सुचवलं असतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा माणूस आता म्हणतोय की काही करूच नका, सगळं आपोआप होतं. तसं मला म्हणता येत नाही, आणि याचं कारण जळगावातच आहे. काव्यरत्नावली चौक. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावातून केवळ कवितेला वाहिलेलं ‘काव्यरत्नावली’ हे मासिक काढलं आणि जवळजवळ अर्धं शतक चालवलं. याच गावात १९०७ मध्ये कविसंमेलन भरलं आणि धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबरेला ‘बालकवी’ हे नाव मिळालं. हा इतिहास गावात किती जणांना ठाऊक होता? मग कुणीतरी मुद्दाम एका चौकाला बंद पडलेल्या मासिकाचं नाव दिलं. मला तेव्हा हे पुस्तकी वाटलं होतं. लोक त्याला दुसरं काहीतरी म्हणतील, एखाद्या हॉटेलचं नाव पडेल, अशी माझी पैज होती. पैज हरलो. आज रिक्षावाला ‘काव्यरत्नावली’ असं पूर्ण, न अडखळता म्हणतो. शेजारी उद्योजक भवरलाल जैन यांच्या नावानं भाऊंचं उद्यान झालं, तेही आखलेलं, पैसा ओतून केलेलं; आणि लोक तिथं जातात, खूप जातात. संध्याकाळी त्या भागात चालायला, खायला, नुसतं उभं राहायला माणसं जमतात. माझ्या नव्या मतात हा चौक बसत नाही. आखून केलेली जागा चालली, मुद्दाम दिलेलं नाव रुजलं. मी एवढंच म्हणू शकतो की ती जागा नाल्याकाठी कोपऱ्यात टाकलेली नाही. रहदारीच्या ऐन मध्यावर आहे, चारी बाजूंनी उघडी, आणि तिची देखभाल करणारं कुणीतरी कायम मागं उभं आहे. नगरपालिकेच्या किंवा कॉलनी समितीच्या शंभर तुकड्यांना असं कुणी पाठीराखं नसतं.

देखभालीचं निघालं म्हणून बाकांबद्दल सांगतो. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेले सिमेंटचे बाक आपल्याकडे जागोजागी असतात. मी आराखड्यात ते टाळायचो. बागेची स्मशानभूमी करू नका, असा माझा एक ठरलेला विनोद होता. पुढं लक्षात आलं की निधीतून आलेला बाक तुटला की तुटलेलाच राहतो, कारण ज्यांचं नाव त्यावर आहे ते पुढच्या निवडणुकीच्या कामात असतात. स्मरणार्थचा बाक घरचं कुणीतरी येऊन धुतं. श्राद्धाच्या दिवशी त्याच्यावर फूल दिसतं. पाय मोडला तर मुलगा गवंडी घेऊन येतो. आता मी उलट विचारतो, कुणाला वडिलांच्या नावानं बाक द्यायचा आहे का? फक्त एक अट घालतो. बाक मी सांगेन तिथं, झाडाच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतर सावली पडेल. एका गृहस्थांनी विचारलं, नाव रस्त्यावरून दिसेल ना? म्हटलं, बसणाऱ्याला दिसेल. ते जरा नाराज झाले, पण बाक दिला.

आता नवा लेआउट आला की मी मालकाशी भांडतो. खुली जागा मधोमध द्या, चारी बाजूंनी रस्ता आणि रस्त्याला लागून घरांची दारं. मालक म्हणतो, भाऊ, मधले प्लॉट तर सगळ्यात महाग जातात. मी म्हणतो, जागेसमोरचे प्लॉट त्याहून महाग जातील. हे नेहमी खरं ठरतंच असं नाही, पण निम्मे मालक ऐकतात आणि निम्मे दुसऱ्याकडून नकाशा काढून घेतात. बांधावरची जुनी झाडं, निंब, चिंच, कुठं एखादा वड, हे सर्व्हेच्या वेळीच नोंदवून मी जागा त्यांच्याभोवती बसवायचा प्रयत्न करतो; कारण रोपाला फांदी यायला पंधरा वर्षं लागतात आणि लेकी आखाजीला यंदाच येणार असतात. कंपाउंड काढायचंच झालं तर बसता येईल इतकं, दीड फूट उंच. फाटक नाही.

फाटकावर सगळे अडतात. गुरं शिरतील, दारू पिणारे बसतील, रात्री पोरं मोबाइल घेऊन बसतील. गुरं शिरतात हे खरं आहे आणि त्यावर मला अजून चांगला उपाय सापडलेला नाही. दारूवाल्यांबद्दल माझं म्हणणं असं की ते कुलूपबंद, अंधाऱ्या, नाल्याकाठच्या बागेत भिंतीवरून उडी मारून आधीच बसत होते. बायका चटया टाकून बसलेल्या असल्या की तेच लाजून उठतात. पोरांबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यांनी कुठंतरी बसायला हवंच.

एका बाबतीत मात्र माझं मत जुनंच राहिलंय. ओपन स्पेसवर आधी एक ओटा येतो, मग ओट्यावर मूर्ती, मग पत्र्याची शेड, मग सभामंडप, मग सभामंडपाला भाडं. देवाशी माझं भांडण नाही; पारावरच्या शेंदराच्या दगडाला मी स्वतः हात जोडतो, आणि पार लोकांचा राहतो तोवर मला त्याची काही अडचण नाही. सभामंडपाला भिंती असतात आणि भिंतींना दार, दाराची किल्ली कुणाच्या तरी खिशात. मी राहतो त्याच कॉलनीत सध्या शेडचा ठराव समितीपुढे आहे. नकाशा काढून द्या म्हणून माझ्याकडे आले होते, शेजारचे म्हणून फी घेऊ नका असंही म्हणाले. मी नाही म्हटलं. दुसरे कुणीतरी काढून देतील. रविवारच्या बैठकीत मी विरोधात हात वर करणार आहे. बायकांपैकी तीन-चार जणी माझ्या बाजूनं आहेत, पण समितीत एकही बाई सभासद नाही, आणि त्यामुळे शेडच्या आधी तो विषय काढावा असं माझी बायको म्हणते आहे.